दुधाची गाडी विजेवर नेताना: वर्धा जिल्ह्यातल्या एका गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पाच गावं आणि दोन वस्त्यांमधले ६४ दूध उत्पादक एका महिला गटामार्फत दूध पाठवतात. हा मूळचा गवळाऊ गाईंचा पट्टा. म्हशी आणि संकरित गाई मागून आल्या. गावोगावी कॅन भरायचे आणि तालुक्याच्या बल्क कूलरवर (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीवर) पोचवायचे, एवढंच गाडीचं काम. एक फेरी ३८ किलोमीटरची. सकाळी एक, संध्याकाळी एक. हिवाळ्यात सकाळी ४० लिटरचे नऊ कॅन भरतात, संध्याकाळी सहा.

२०१० साली नोंदलेली डिझेल तीनचाकी हे काम करत होती. भरल्या गाडीला लिटरमागे २६ किलोमीटर मिळायचे आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास, म्हणजे महिन्याला आठ हजारांचं इंधन. डिसेंबर २०२४ मध्ये तिचं फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र) संपणार होतं. १५ वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस, पर्यावरण कर आणि इंजिनाचं काम धरून मेकॅनिकने ४८ हजारांचा आकडा दिला. गटाच्या खात्यात एक लाख वीस हजार होते.

अडचण

‘विजेची गाडी घ्या, सबसिडी आहे, टॅक्स नाही, परमिट नाही’ असं विक्रेत्याने सांगितलं होतं. हे तिन्ही खरं, पण तिन्हींचं वजन सारखं नाही, आणि गटाचा पहिला गोंधळ इथेच झाला.

टॅक्सची माफी खरी आणि पूर्ण होती. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या गाड्यांना मोटार वाहन कर माफ केला होता, आणि त्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. नोंदणी प्रमाणपत्राचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ पासूनच काढून टाकलं आहे.

परमिटच्या माफीची किंमत इथे शून्य होती. बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना केंद्राने १८ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने परमिटमधून सूट दिली, हे बरोबर. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट तसंही लागत नाही. डिझेलच्या तीनचाकीलाही ते लागत नव्हतं. प्रवासी रिक्षावाल्याला ही सूट मोठी आहे. दूध वाहणाऱ्याला तिचा उपयोग नाही. शिवाय परमिट नाही म्हणजे फिटनेसही नाही, असा समज गावात पसरला होता. तो चुकीचा. मालवाहू गाडी विजेची असली तरी फिटनेस लागतंच: नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

राहिली सबसिडी. ती एक नसून दोन होत्या, दोन वेगळ्या दारांतून येणाऱ्या, आणि दोन्हींना संख्येची मर्यादा होती. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत (१ ऑक्टोबर २०२४ पासून) बॅटरीच्या प्रत्येक युनिट (किलोवॉट-तास) क्षमतेमागे ५,००० रुपये, एल-५ वर्गातल्या (ताशी २५ किलोमीटरपेक्षा वेगवान) तीनचाकीला जास्तीत जास्त ५० हजार. ही रक्कम बिलातूनच वजा व्हायची. राज्याच्या २०२१ च्या धोरणात मालवाहू तीनचाकीला ३० हजारांपर्यंत, पण पहिल्या १० हजार गाड्यांपुरती. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये हे ३० हजार ‘नंतर खात्यात’ असे लिहिले होते.

समोरचे पर्याय

जुनी गाडी दुरुस्त करणं सगळ्यात स्वस्त दिसत होतं. पण ४८ हजार घालूनही डिझेलचा खर्च तोच राहणार आणि दोन वर्षांत पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार, म्हणून तो लवकर बाजूला पडला. जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात देऊन मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. विजेच्या गाडीला करच नसल्यामुळे त्या सवलतीचाही इथे उपयोग नव्हता.

सीएनजीची तीनचाकी चालवायला चांगली, पण जवळचा पंप ४० किलोमीटरवर आणि दुधाच्या रस्त्यावर नाही. गॅससाठी वेगळी रिकामी फेरी मारायची तर बचत तिथेच संपते. कोणीतरी जुनी पेट्रोल व्हॅन घेऊन एलपीजीवर चालवायचं सुचवलं. घरगुती सिलिंडर गाडीला लावणं हा गुन्हा आहे. मान्यताप्राप्त किट बसवायचं तर त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) हवी, आणि तालुक्यात ऑटो एलपीजी मिळत नाही.

खरी तुलना झाली ती ई-कार्ट (कमी वेगाची, हलक्या मालाची गाडी) आणि एल-५ मालवाहू यांच्यात. दोन्ही विजेच्या, दोन्ही तीनचाकी, शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या. ई-कार्ट लेड-ॲसिड बॅटरीसह दीड-पावणेदोन लाखांत लगेच मिळत होती. लोकांचा कल तिकडेच होता: “एवढ्या पैशात गाडी येते त दुप्पट काहून द्याचे?”

हिशोब मांडल्यावर तो सुटला. ई-कार्टला नियमाने माल जास्तीत जास्त ३१० किलो आणि वेग ताशी २५ किलोमीटर. ४० लिटर दूध म्हणजे साधारण ४१ किलो, वर ॲल्युमिनियमचा कॅन आठ किलो, एकूण ४९. तीनशेदहात सहा कॅन बसतात. सकाळी असतात नऊ, म्हणजे ४४१ किलो. जादा कॅन घेऊन गाडी चालेलही, पण अपघात झाला की विमा कंपनी आधी वजन पाहते. शिवाय वस्त्यांवरचे थांबे धरून २५ च्या वेगाने ही फेरी अडीच तासांच्या पुढे जाते. मे महिन्यात सकाळी आठनंतरचं दूध कूलरवर उकळी-चाचणीत फाटलं की परत येतं. आणि लेड-ॲसिडला केंद्राची सबसिडीच नव्हती. ती लिथियमसारख्या प्रगत बॅटरीलाच होती. ई-कार्ट चालवायला लायसन्सवर वेगळी नोंदही लागते.

एल-५ मालवाहू गाडीला ५०० किलोच्या वर माल, वेग ताशी ४५-५०, बॅटरी ७.४ युनिटची. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स होतं, त्यावर ‘ट्रान्सपोर्ट’ नोंद नव्हती. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला ती वेगळी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं, त्यामुळे तोही प्रश्न उरला नाही.

निर्णय पहिला: आत्ता घ्यायची की थांबायचं

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, कोटेशन हातात आलं. सबसिडीपूर्वी ३,९५,००० रुपये. केंद्राची मदत ७.४ गुणिले ५,००० म्हणजे ३७,०००. हातात पडणारी किंमत ३,५८,०००.

विक्रेत्याकडच्या फायनान्स कंपनीचं कर्ज दोन दिवसांत मिळत होतं, दर १६ टक्के. सहकारी बँकेचा दर ११ टक्के, पण प्रकरण दिवाळीनंतरच हलणार होतं. गटाने बँकेसाठी थांबायचं ठरवलं.

केंद्राने एल-५ साठी त्या वर्षाची मर्यादा ८०,५४६ गाड्यांची ठेवली होती. ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भरली आणि ८ नोव्हेंबरपासून दर युनिटमागे ५,००० वरून २,५०० वर आला. बँकेची मंजुरी ११ तारखेला आली. सबसिडी १८,५०० झाली आणि किंमत ३,७६,५०० वर गेली.

गावात याची चर्चा ‘थांबल्यामुळे साडेअठरा हजार गेले’ अशी झाली, आणि अजूनही होते. कागदावर मात्र चित्र वेगळं आहे. २ लाख ६० हजारांच्या तीन वर्षांच्या कर्जाला १६ टक्क्यांनी ९,१४० चा हप्ता बसतो, ११ टक्क्यांनी ८,५१२ चा. महिन्याला ६२८ प्रमाणे ३६ हप्त्यांत फरक २२,६०० होतो. म्हणजे गेलेली सबसिडी वजा करूनही थांबणं सुमारे चार हजारांनी फायद्याचं ठरलं. सबसिडीचा आकडा डोळ्यांना दिसतो, व्याजाचा फरक हप्त्यांत विरघळतो. म्हणून पहिल्याचीच हळहळ होते. ही गणितं बिलापूर्वी कोणी केली नव्हती, हेही खरं.

राज्याच्या ३० हजारांबद्दल मात्र गटाने आधीच ताठर भूमिका घेतली. विक्रेत्याला सांगितलं, बिलात वजा करून दाखवा किंवा कोटेशनमधून काढा. त्याने काढलं. ही रक्कम शून्य धरूनच हप्ता ठरवला, आणि पुढे ती आली नाही तेव्हा काही अडलं नाही.

निर्णय दुसरा: गाडी कोणाच्या नावावर

बचत गट ही कायद्याने नोंदलेली संस्था नव्हती, त्यामुळे गटाच्या नावावर आरसी निघू शकत नव्हती. विक्रेत्याचा आग्रह होता चालकाच्या नावाचा, कारण काम झटपट होतं. गटाने अध्यक्षबाईंचं नाव घेतलं. चालक सोडून गेला तर गाडी, कर्ज आणि विमा तिघांचाही गुंता होतो. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला: गाडीची मालकी कागदोपत्री बाईंची, हप्ता आणि उत्पन्न गटाचं, कर्ज फिटल्यावर किंवा गट नोंदला गेल्यावर हस्तांतरण.

याची एक किंमत आहे. केंद्राच्या योजनेत एका आधारवर एका प्रकारातली एकच गाडी मिळत होती, म्हणजे बाईंचा स्वतःचा हक्क गटासाठी खर्च झाला. हे त्यांना आधी सांगून करारात लिहायला हवं होतं. ते नंतर लक्षात आलं.

सबसिडीचं ई-व्हाउचर आधारच्या पडताळणीवर निघायचं. विक्रेता पोर्टलवर नोंद करायचा, खरेदीदाराचा चेहरा मोबाइलवर पडताळला जायचा, व्हाउचरची लिंक नोंदलेल्या क्रमांकावर यायची, त्यावर सही करून ते विक्रेत्याला द्यायचं, मग त्याची सही. बाईंच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला होता. तो बदलण्यात चार दिवस गेले. बिल १८ नोव्हेंबरला झालं, नोंदणी २६ ला. हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची नंबरप्लेट लागली. मालवाहू विद्युत गाडीला हीच लागते. हिरव्यावर पांढरी अक्षरं खासगी गाडीला.

विम्याच्या कोटेशनमध्ये एक गोष्ट तपासून घेतली: विजेच्या गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट आहे, २०२२ पासून. पहिल्या कोटेशनमध्ये ती धरलेली नव्हती.

चार्जिंग आणि पंपाचं मीटर

सगळ्यात महाग पडू शकणारी चूक इथे झाली, आणि तिचा सबसिडीशी काही संबंध नव्हता.

संकलन केंद्राच्या जोडणीचा मंजूर भार एक किलोवॉट होता. चार्जर दोन किलोवॉटच्या वर घेतो. भार वाढवण्याचा अर्ज गाडी आल्यानंतर दिला. डिमांड नोट (वीज कंपनीचं पैसे भरण्याचं पत्र), पैसे भरणं, तपासणी यात दीड-दोन महिने जाणार होते. तोवर चालक गाडी रात्री घरी, म्हणजे वावरात, न्यायचा आणि पाच एचपीच्या कृषिपंपाच्या पेटीतून एक फेज काढून चार्ज करायचा. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्याने एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ केलं आहे, तेव्हा वीज ‘फुकट’च होती.

तांत्रिकदृष्ट्याही हे वाईट होतं. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज पाळीने येते, आठवडाभर दिवसा तर आठवडाभर रात्री. पेटीत धड न्यूट्रल नव्हता, अर्थिंग नावापुरतं. व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की चार्जर बंद पडायचा, आणि पहाटे पाचला बॅटरी ६० टक्क्यांवर असायची.

जानेवारीच्या मध्यात वीज कंपनीच्या पथकाने तपासणी केली. शेतीसाठी दिलेली वीज गाडीसाठी वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खालचा अनधिकृत वापर आहे. आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आलं नाही तर तपासणीआधीच्या १२ महिन्यांची. तात्पुरती आकारणी तशीच निघाली: रोजचे आठ युनिट, ३६५ दिवस, दहाच्या दराची दुप्पट, म्हणजे ५८,४०० रुपये.

चालकाने हे आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. कळल्यावर गटाने लेखी हरकत घेतली, आणि तिच्यात युक्तिवाद एकच होता: गाडीच २६ नोव्हेंबर २०२४ च्या आधी रस्त्यावर नव्हती. बिल, आरसी आणि विमा पॉलिसीच्या प्रती जोडल्या. वापर मान्य केला, कालावधी नाकारला. सुनावणीनंतर अंतिम आकारणी ४९ दिवसांची झाली: ३९२ युनिट, ७,८४० रुपये. ‘आम्ही वापरलीच नाही’ अशी भूमिका घेतली असती तर पेटीतून काढलेल्या वायरचे फोटो समोर होते. पैसे चालकाच्या पगारातून कापायचे की गटाने भरायचे यावर वाद झाला, शेवटी निम्मे-निम्मे.

खरं तर स्वतःच्या जागेतल्या योग्य वर्गाच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला बंदी नाही. घरगुती मीटरवर घरची गाडी, बिगरघरगुतीवर दुकानाची, त्या त्या दराने. प्रश्न मंजूर भाराचा असतो, आणि सवलतीच्या वर्गातली वीज दुसरीकडे वळवण्याचा. स्वतंत्र चार्जिंग स्टेशनसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे. एका गाडीसाठी गटाला त्याची गरज नव्हती.

फेब्रुवारीत केंद्राचा भार चार किलोवॉट झाला. चार्जिंगची लाईन मीटरपासून वेगळी ओढली: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० ॲम्पिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), १६ ॲम्पिअरचं औद्योगिक सॉकेट, स्वतंत्र अर्थिंग. घरगुती तीन-पिन सॉकेट रोज चार-चार तास भार घेतलं की वितळतं, म्हणून ते टाळलं.

परिणाम

गाडी रात्री केंद्रावर थांबू लागली, आणि त्यामुळे फेरीची दिशा उलटी झाली. पूर्वी चालकाच्या घराजवळचं मोठं गाव पहिलं यायचं, तिथले पाच कॅन सगळ्या रस्त्याने वागवावे लागायचे. आता लांबच्या वस्त्या आधी आणि मोठं गाव शेवटी. एका फेरीत बॅटरी ५५-५८ टक्के उतरायची, ती ५० च्या आसपास आली. हे डिझेलच्या काळातही करता आलं असतं, पण काट्यावर टक्के दिसत नसल्यामुळे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दोन फेऱ्यांना मीटरवर रोज नऊ युनिट पडतात. सगळे आकार धरून युनिट १२ रुपये, महिन्याला ३,२४० रुपये. डिझेलशी तुलना केली तर बचत सुमारे ४,७०० होते, आणि हप्ता आहे ८,५१२. इंधनाच्या बचतीतून हप्ता निघतो हे विक्रेत्याचं वाक्य इथे खरं ठरलं नाही. उरलेली तूट परतीच्या फेरीने बरीचशी भरली: तालुक्याहून रिकाम्या कॅनसोबत सरकी ढेपेची पोती, पोत्याला १५ रुपये, रोज सहा-आठ पोती.

मे २०२५ मध्ये पारा ४४-४५ ला असताना संध्याकाळच्या फेरीनंतर बॅटरी तापलेली असायची आणि लगेच लावलेलं चार्जिंग अर्ध्यावर थांबायचं. रात्री दहानंतर लावायचं ठरल्यावर ते सुटलं. पावसाळ्याचा प्रश्न सुटलेला नाही. एका वस्तीचा पांदण रस्ता काळ्या मातीचा आहे, गाडीची चाकं लहान, आणि जुलै ते सप्टेंबर ती तिथे जात नाही. उत्पादक कॅन बैलबंडीने डांबरी रस्त्यापर्यंत आणतात.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. भारवाढीचा अर्ज कोटेशन मागण्याच्याही आधी, सप्टेंबरमध्ये, द्यायला हवा होता; पंपाचं सगळं प्रकरण त्या एका अर्जाच्या उशिरातून घडलं. बँकेची तत्त्वतः मंजुरी त्याच वेळी घेतली असती तर ११ टक्क्यांचं कर्ज आणि ३७ हजारांची सबसिडी दोन्ही मिळाली असती. आधारचा मोबाइल क्रमांक तपासायला दहा मिनिटं लागतात.

चालकाशी झालेल्या करारात गाडी कुठे चार्ज करायची हे लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं आहे.

शेजारच्या तालुक्यातला एक गट २०२५ पासून हीच चौकशी करतो आहे. त्यांच्यासाठी नियम बदलले आहेत. राज्याचं नवं धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. करमाफी कायम, आणि मालवाहू तीनचाकीला किमतीच्या १० टक्के, ३० हजारांपर्यंत, पुन्हा संख्येच्या मर्यादेत. नोव्हेंबर २०२४ च्या गाडीला ते लागू नाही. समृद्धी महामार्गावरच्या टोलमाफीबद्दलही विचारणा होते. ती चारचाकी आणि बससाठी आहे, आणि तीनचाकीला त्या रस्त्यावर प्रवेशच नाही. केंद्राच्या मदतीसाठी २०२५ मध्ये त्यांना एवढंच सांगितलं होतं की योजनेची शेवटची तारीख पाहू नका, बिल होणार त्या आठवड्यात पोर्टलवर एल-५ ची मर्यादा शिल्लक आहे का ते पाहा.

या गाडीचं पहिलं फिटनेस नोव्हेंबर २०२६ मध्ये आहे. त्याआधी ब्रेक, टायर, गाडीवरचे परावर्तक पट्टे आणि विम्याची तारीख तपासायची आहे. पीयूसी लागत नाही.